तांब्याभर पाऊस

यंदाही जुलै कोरडा चाललाय. ढग रोज येतात. पश्चिमेकडून, पोट खाली लोंबवत, देशपांडे नगरावरून घाईघाईने जातात आणि पुढे गदगकडे कुठेतरी विरून जातात. मागे ठेवतात तो फक्त वारा. दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात, आणि हुबळीत जुलैमध्ये कपडे असे वाळणं हे काही चांगलं लक्षण नाही. या दिवसांत घरात ओल्या चादरींचा वास यायला हवा. खिडकीचं दार फुगून चौकटीत अडकायला हवं. धारवाडकडे तर या दिवसांतल्या पावसाला नावच आहे, जिटीजिटी. तो पडताना दिसत नाही, वाजत नाही, पण बाहेर गेलेला माणूस भिजून परत येतो. काल मी मिठाची बरणी उघडली. या महिन्यात मिठाला पाणी सुटतं, चमच्याने खरवडावं लागतं. काल ते वाळूसारखं सुटसुटीत होतं.

मला आठवणी काढत बसायची सवय नाही. कामं असतात. पण जुलैत मीठ कोरडं राहिलं की ते एक वर्ष आठवतंच.

आमचं दुकान पंपांचं आणि पाइपांचं. मिरजेकडून आलेल्या सासऱ्यांनी काढलेलं. पाऊस लांबला की दुकानात गर्दी होते, जो तो बोअर मारायला निघतो. दुसऱ्यांच्या विहिरी आटल्या की आमच्या घरात चार पैसे जास्त येतात, हे मी लग्न झाल्यापासून पाहत आलेय आणि त्यावर कधी उसासे टाकलेले नाहीत. आम्ही पंप विकायचे थांबवले म्हणून पाऊस पडणार नाही. त्या वर्षी मात्र गिऱ्हाइकं वाढली तसतसे आमचे हे गप्प होत गेले. एकदा जेवताना म्हणाले, "पाइप संपत आले. एवढे पाइप जमिनीत गेले, पाणी कुठून येणार आहे?" मी म्हटलं, "भात घ्या."

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हेच तेव्हा माझं नोकरीतलं काम होतं. फिजिक्समध्ये एमएस्सी करून नुसतं घरी बसणं मला जमलं नाही. मुलं शाळेला जायला लागल्यावर मी धारवाडच्या रस्त्यावर, रायापूरच्या बाजूला, एका लहानशा संस्थेत लागले. दोन खोल्या, तीन संगणक, आणि कारवारकडचे आमचे सर. परदेशातून सीड्यांवर आकडे यायचे. त्या आकड्यांतून आमच्या भागाच्या पाण्याचा हिशेब मांडायचा, एवढंच काम.

हे आकडे कसे तयार होतात ते सांगायला हवं. जगात जिथे कुणी जे मोजलं, आभाळात यंत्रं बांधलेले फुगे सोडून, जहाजांवरून, उपग्रहांतून, ते सगळं गोळा करतात. पण मोजणारे सगळीकडे नसतात. मधल्या रिकाम्या जागा संगणकातलं एक मॉडेल भरतं. वारा, ऊन, वाफ यांचे नियम त्याला पाठ असतात. ते आपलं आपण हवामान चालवत राहतं, आणि अधूनमधून त्याचा कान धरून त्याला मोजलेल्या आकड्यांजवळ आणायचं. असं करत करत होऊन गेलेली सगळी वर्षं पुन्हा मांडायची, पृथ्वीवर एकही भोक न ठेवता. याला पुनर्विश्लेषण म्हणतात. नाव मोठं आहे. मला ते आधी फार पवित्र वाटायचं.

मग मी हिशेब करायला बसले. पाऊस आला तो जमा. वाफ होऊन गेलं, ओढ्यानाल्यांनी वाहून गेलं, तो खर्च. उरलं ते जमिनीत. शाळेतल्या मुलीला येईल असा हिशेब, पण तो जुळायचाच नाही. कधी पाणी जास्त व्हायचं, कधी कमी. मला वाटलं माझंच चुकतंय. चार वेळा केल्यावर सरांकडे गेले.

सर हसले. "अहो, तुमचं नाही चुकत. कान धरून ओढताना पाणी सांडतं."

"म्हणजे?"

"फुगा म्हणतो, हवेत वाफ जास्त आहे. मॉडेल म्हणतं, नाही. आपण फुग्याचं ऐकतो आणि मॉडेलच्या हवेत वाफ घालतो. आता ही वाफ कुठल्या समुद्रावरून आली? कुठल्याच नाही. आपण वरून ओतली. मॉडेलला ती पचत नाही, ते ती पावसात पाडून टाकतं. झाला पाऊस. जिथून आला त्याचा हिशेबात पत्ताच नाही."

"मग खरा पाऊस किती?"

"खरा मोजणाऱ्याला ठाऊक. पण मोजणारे आहेत किती?"

जुन्या वर्षांचे आकडे बघताना हे आणखी दिसायचं. एखादा नवा उपग्रह वर गेला की आमचा भाग हिशेबात अचानक ओला व्हायचा आणि पुढे ओलाच राहायचा. खाली कुणाला काही कळलेलं नसायचं. विहिरी तेवढ्याच, ओढे तेवढेच. कुठेतरी हवेचे फुगे सोडणं बंद पडलं की उलटं. मोजण्याची तऱ्हा बदलली की आमचं हवामान बदलायचं.

आणि आमचा भाग म्हणजे काय, तर नकाशावरचा एक चौकोन. त्या चौकोनाच्या एका कडेला अळणावरचं जंगल आणि भातशेती, दुसऱ्या कडेला नवलगुंदची काळी, भेगाळलेली जमीन. अळणावरहून सकाळी छत्री घेऊन निघालेला माणूस नवलगुंदला पोचतो तेव्हा छत्री कशाला आणली म्हणून लोक त्याला हसतात. चौकोनाला यातलं काही कळत नाही. त्याच्याकडे एकच आकडा असतो.

माझं माहेर त्या अळणावरकडच्या कडेला. गावाचं नाव सांगत नाही, त्याने कुणाचं भलं होणार नाही. तिथे माझी थोरली बहीण गंगाक्का राहायची; अजून राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. थोडी भातजमीन आणि दोन म्हशी. जमीन पोटापुरती, म्हशी बाकी सगळ्यासाठी. दूध अळणावरच्या हॉटेलांत घालायची. रोज पहाटे कॅन घेऊन बसमध्ये चढणारी ही बाई कंडक्टरला दरडावायची आणि कंडक्टर तिचा कॅन स्वतः आत घ्यायचा. त्या वर्षी एक म्हैस दुभती होती आणि एक गाभण.

आमच्याकडे भात कोरड्या मातीत पेरतात. मेअखेर धुळीत बी टाकायचं आणि पाऊस येईल असं धरून चालायचं. त्या वर्षी बी टाकलं, जूनमध्ये थोडा शिडकावा झाला, बी उगवून वर आलं आणि मग जुलै कोरडा गेला. मी एका रविवारी गेले तेव्हा रोपं बोटाएवढी होती आणि पिवळी. केरेत, म्हणजे गावच्या तळ्यात, मधोमध थोडं पाणी आणि त्यात गावची सगळी जनावरं उभी. अक्का म्हणाली, "पाणी पीत न्हाईत गं. आत उभी ऱ्हात्यात नुस्ती. बाहेर येऊन करायचं काय, गवात कुठं हाय?"

पुढच्या आठवड्यात गावाने गुर्जी काढली.

गुर्जी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पाऊस दडी मारून बसला की शेणाची गुर्जी, म्हणजे बाहुलीसारखी मूर्ती, करतात, तिला हरळी खोचतात, पालथ्या तव्यावर बसवतात आणि एकजण तो तवा डोक्यावर घेऊन घरोघर जातो. प्रत्येक दारात बाया तिच्यावर पाणी ओततात, तो जागच्या जागी गरगर फिरतो, पाणी चहूकडे उडतं. घरोघरचं पीठ गोळा करतात आणि शेवटी देवळात सगळे मिळून शिजवून खातात. मराठी घरं, कानडी घरं, सगळी त्यात असतात. केरे आटलेली असताना घागरीतलं पाणी असं उधळायचं, याचा मला शाळेत असल्यापासून राग यायचा. पण मला विचारतो कोण?

त्यानंतरच्या रविवारी गेले तर अक्का खुशीत. चहा ठेवता ठेवता सांगायला लागली. मला ती तंगी म्हणते, कानडीत धाकटी बहीण.

"काय सांगू तंगी, ह्या खेपेला गुर्जी अशी झाली न्हवं! सगळ्या घरांवरनं फिरून सरकारी बंगल्यापातुर गेलो. तिथं त्यो फिराय लागला, सगळ्या वताय लागल्या. माझ्या हातात तांब्या. बाजूला ती पावसाची डबी. मला वाटलं, सरकार ह्या डबीत बघूनच म्हणतंय न्हवं, पाऊस हाय का न्हाई त्ये? मग तिला कोरडं का ठेवायचं? तिलाबी तहान लागली असंल. दिला वतून."

"डबीत?"

"डबीत. सबंध तांब्या. वरनं हळदीकुंकूबी लावलं."

ती हसत होती. मला काही हसू आलं नाही. पावसाची डबी म्हणजे बंगल्याच्या आवारातला पर्जन्यमापक. वर नरसाळं, आत बाटली. त्या बाजूला कितीतरी गावांत मिळून तेवढा एकच. मी चहा तसाच ठेवून बंगल्यावर गेले.

बंगल्याचा रखवालदार बसप्पा डबीच्या भोवतीचं गवत काढत होता. गवत म्हणजे वाळलेल्या काड्या. नरसाळ्यावर कुंकवाचा डाग अजून होता.

"बसप्पा, गुर्जीच्या दुसऱ्या दिवशी काय लिहिलंस?"

"डबीत होतं ते लिहिलं, अक्काव्रा."

"अरे, पण ते पावसाचं पाणी नव्हतं."

"नव्हतं. तुमच्या अक्कानं घातलं. मी बघितलं की. मीच फाटक उघडून दिलं."

"मग लिहिलंस कशाला?"

तो उभा राहिला. त्याला राग आलेला दिसला. "साहेबांनी काय शिकवलंय? सकाळी डबी उघडायची, पाणी मोजायचं, लिहायचं. आभाळाकडं बघून लिहायचं न्हाई. माझ्या आधीचा माणूस घरी बसून आभाळ बघून लिहीत होता, त्याला काढला. मी तसला न्हवं. डबीत पाणी, तर पाणी. डबी कोरडी, तर कोरडी."

चांगला मोजणारा असाच असतो.

परत येताना मनात हिशेब केला. नरसाळ्याचं तोंड केवढंसं असतं. त्या तोंडात जेवढं पाणी पडलं तेवढंच भोवतालच्या सगळ्या रानावर पडलं असं धरायचं, ही मोजण्याची पद्धत. मुसळधार पावसात दिवसभर उभी ठेवली तरी ती डबी कष्टाने तेवढी भरेल. माझ्या बहिणीने एका हाताने, हसत हसत, साऱ्या होबळीवर, म्हणजे तालुक्यातल्या आमच्या सगळ्या गावांच्या गटावर, ढगफुटी करून ठेवली होती.

मग यादी आली. दुष्काळी भागांची. आजूबाजूच्या होबळ्या होत्या, आमची नव्हती. ज्यांची नावं यादीत त्यांना चारा मिळणार, टँकर मिळणार. सलग किती आठवडे कोरडे गेले ते बघून यादी करतात; मध्ये एक दिवस मोठा पाऊस नोंदलेला असला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमची मोजणी तांब्यापाशी तुटली होती.

मी धारवाडला, ही यादी करतात त्या कचेरीत गेले. साहेब कानडीत बोलत होते, मीही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं.

"मॅडम, तुम्ही सायन्स शिकलेल्या. मला एवढंच सांगा, डबीत पाणी होतं की नव्हतं?"

"होतं."

"माणसाने मोजलं ते बरोबर मोजलं की चूक?"

"बरोबर."

"मग मी काय लिहू? पाऊस पडला नाही, तो एका बाईने ओतला? नोड्री मॅडम, उद्या दुसऱ्या गावचे लोक येतील, आमच्याकडचा पाऊसही बाईनेच ओतला म्हणतील. एनू माडाक आगंगिल्ला." काही करता येणार नाही. मग म्हणाले, "गावाने सगळ्यांनी लिहून दिलं तर वर पाठवून बघतो."

मी गावात गेले. तेव्हा गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या पाटलांच्या अप्पांकडे बसले. वय झालेलं, दात नव्हते, डोकं साफ. त्यांना सगळं सांगितलं.

अप्पा म्हणाले, "काय लिहून द्यायचं?"

"की ते पाणी पावसाचं नव्हतं. गुर्जीचं होतं."

"म्हंजे गुर्जी केली आणि पाऊस आला न्हाई, असं सगळ्या गावानं सही करून द्यायचं?"

"आलाच नाही ना, अप्पा."

"अजून आला न्हाई." त्यांनी 'अजून' वर बोट ठेवल्यासारखं म्हटलं. "पोरी, तू सांगतीस त्ये खोटं न्हाई. पण असं लिहून दिलं तर फुडल्या साली गुर्जी काढायची कुठल्या तोंडानं?"

कुणी सही केली नाही. अक्कानेही नाही. "अप्पा न्हाई म्हणालेत," एवढंच बोलली.

जे करता येण्यासारखं होतं ते केलं. हुबळीहून एक टेंपो कडबा पाठवला. तो उतरेपर्यंत गावची सगळी जनावरं भोवती येऊन उभी राहिली, आणि अक्का काही एकट्या आपल्या म्हशींना घालणारी बाई नव्हती. म्हशी हुबळीला आणाव्यात का, यावरही घरात बोलणं झालं. देशपांडे नगरात म्हशी बांधायच्या कुठे? दुकानासमोर? आमचे हे म्हणाले, "पंप मागितला असता तर फुकट दिला असता गं." अक्काच्या शेतात बोअर मारूनही बघितला होता. धूळ आली.

म्हशी विकल्या तेव्हा मी तिथे होते. व्यापारी अळणावरहून गाडी घेऊन आला होता. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं घरातच राहायला हवं, म्हणजे पुन्हा जनावर येतं. व्यापाऱ्याने आपली दावी आणली होती. अक्काने एकेकीच्या गळ्यातलं आपलं दावं सोडलं, त्याचं बांधू दिलं. गाभण म्हैस फळीवर चढेना. व्यापारी ओढायला लागला तशी अक्का ओरडली, "वढू नको रे, पोटात हाय तिच्या!" आणि स्वतः मागून हात लावून, बोलत बोलत, तिने तिला गाडीत चढवलं. मग दोन्ही दावी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि मला विचारलं, "तंगी, चा घेशील? काळा हाय. दूध न्हाई आता."

मी घेतला. हुबळीला परतताना बसच्या खिडकीतून ढगच ढग दिसत होते, सगळे पुढे चाललेले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. पुनर्विश्लेषणाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. एकीत जमिनीतली ओल नीट यावी म्हणून पर्जन्यमापकांचे आकडेही घेतले होते. चौकोन लहान झाले होते. अळणावरच्या बाजूला आता स्वतंत्र चौकोन. मी सहज ते वर्ष, तो महिना काढून बघितला. आजूबाजूचे चौकोन करपलेले आणि त्यांच्यामध्ये आमचा एक ओला. गुर्जीच्या दुसऱ्या दिवशी माती भिजली होती, पुढे कितीतरी दिवस तिच्यातून वाफ निघत होती. बाष्पीभवन दिसत होतं, ओढ्याला थोडं पाणी गेलेलंही दिसत होतं. ज्या दिवशी म्हशी गाडीत चढल्या त्या दिवशीही जमीन ओलसर होती.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "चुकीचे आकडे गाळायची सोय असते. शेजारच्यांशी ताडून बघतात. पण इथे शेजारी आहे कोण? एकच डबी. ती म्हणेल तेच खरं."

"कळवायचं का त्यांना?"

"कळवा. काय पुरावा देणार?"

मी पत्र लिहायला घेतलं आणि तसंच ठेवलं. बाईने तांब्या ओतला हे इंग्रजीत लिहिलं की गंमतच वाटते.

अक्काला मात्र पुढच्या भेटीत सांगितलं. तिला चौकोन, मॉडेल कळायचं कारण नाही, पण तिने लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे त्या तुमच्या मशिनीत माझ्या तांब्यानं शेत भिजलं?"

"हो. साऱ्या होबळीचं."

"आणि अजून तसंच हाय?"

"तसंच राहणार. जगात कुणीही उघडलं तरी."

तिने खुंटीवरच्या दाव्यांकडे बघितलं. "मग तिथं गवात आलं असंल की," म्हणाली.

मॉडेलमध्ये गवत असतंच.

गेल्या वर्षी त्या दोन दाव्यांपैकी एक खुंटीवरून खाली आलं. अक्काने एक म्हैस घेतली. वय झालंय, जास्त झेपणार नाही, पण एक तरी हवी म्हणाली. आणि यंदा हा जुलै. काल संध्याकाळी तिचा फोन आला. आता तिच्याकडे मोबाइल आहे; तो ती लांब धरते आणि मोठ्याने बोलते.

"तंगी, काल गुर्जी झाली बघ."

"अक्का, त्या डबीत..."

"येडी काय मी? ह्या खेपेला डबीवर ताट झाकलं आधी. वर दगूड ठेवला. एक थेंब आत गेला न्हाई. सगळ्यांस्नी सांगितलं, हिच्यात पाणी गेलं तर मी एकेकीला बघतो."

"शहाणी गं बाई. मग आता ताट काढलंस ना?"

फोनमध्ये कसला तरी बारीक आवाज येत होता. कौलांवर पडतो तसला.

"अक्का, तिकडे पाऊस आहे का?"

"जिटीजिटी. सकाळधरनं लागलाय. लई न्हाई, पण जमीन भिजली. गवताला बरं."

"मग ते ताट काढ. बसप्पाला सांग."

"बसप्पा रिटायर झाला की. नवा हाय त्यो आठवड्यानं येतोय."

"मग तू जाऊन काढ."

"काढतो की," अक्का म्हणाली. मागे म्हैस हंबरली, तिला ती काहीतरी बोलली, मग पुन्हा फोनवर आली. "यादी कधी लागती गं?"

"पुढच्या आठवड्यात असेल."

"मग काढतो," ती म्हणाली. "घाई काय हाय?"